वाऱ्याला वाट देणारा डबा

माझे मामू ट्रॅक्टर चालवायचे. ट्रॅक्टर त्यांचा नव्हता, गावातल्या एका बागायतदाराचा होता. १९८०च्या आसपासची गोष्ट. पेट्रोल पंप तालुक्याला आणि नांगरट रानात, त्यामुळे डिझेल कॅनमध्ये भरून बैलगाडीतून यायचे. ट्रॅक्टरची टाकी छातीच्या उंचीला. वीस लिटर डिझेल म्हणजे सुमारे सतरा किलो वजन. ते उचलायचे, तिरपे धरायचे आणि नरसाळ्यात नेम धरून ओतायचे. कॅन एकदम भळकन ओकायचा, मग अडायचा, पुन्हा भळकन ओकायचा. बरेचसे बोनेटवर सांडायचे.

म्हणून मामू कॅन ट्रॉलीच्या कडेवर ठेवत, त्यात रबरी नळी सोडत आणि तोंडाने ओढत. एकदा ते डिझेल श्वासनलिकेत गेले. खोकून खोकून माणूस निळा पडला. डॉक्टरांनी फुफ्फुसाला सूज आल्याचे सांगितले. पंधरा दिवस मामू अंथरुणावर होते, तेवढी मजुरी बुडाली. "जरासाच तो गया रे," एवढेच म्हणायचे.

कॅनमधून तेल सहज ओतता यावे याचा विचार जगात एके ठिकाणी फार बारकाईने झाला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. तो झाला होता युद्धासाठी.

जर्मन सैन्याला १९३७ साली वीस लिटरचा एक नवा डबा मिळाला. विन्त्सेन्झ ग्र्युनफोगेल या अभियंत्याने तो आखला होता. पोलादी पत्र्याचे दोन अर्धे साच्यात दाबून एकाच शिवणीवर वेल्डिंगने जोडलेले. तेल उन्हाने फुगले तर पत्र्याला जागा मिळावी म्हणून दोन्ही बाजूंना फुलीसारखी खोलगट नक्षी. झाकण खटक्याचे, उघडायला पाना लागत नाही. मुठी तीन. मधली धरली तर एक माणूस भरलेला डबा नेतो, बाजूच्या धरल्या तर दोघे मिळून नेतात; रिकामे असतील तर एकच माणूस एकेका हातात दोन-दोन डबे घेऊन चालतो. उचलणाऱ्या हाताचा इतका विचार केलेली वस्तू मी फार थोडी पाहिली आहे.

पण खरी अक्कल आहे ती तोंडाशी. डबा भळकन का ओकतो? तेल बाहेर पडले की आत पोकळी होते आणि ती भरायला हवा त्याच तोंडातून घुसू पाहते. एकाच दारातून येणारे आणि जाणारे अडखळतात, तसे हे. जर्मन डब्यात तोंडापासून आतल्या मोकळ्या जागेपर्यंत एक बारीक नळी दिली होती. वारा त्या वाटेने आत जातो, तेल आपल्या वाटेने बाहेर येते. धार अखंड पडते, नरसाळे लागत नाही.

समोरच्या इंग्रजांकडे काय होते? चार गॅलनचा पातळ पत्र्याचा डबा. आपल्याकडे पूर्वी घरोघरी असायच्या त्या घासलेटच्या चौकोनी डब्याचा तो सख्खा भाऊच. गोऱ्या शिपायांनीच त्याला 'फ्लिम्झी', म्हणजे तकलादू, असे नाव ठेवले होते. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ट्रकच्या हादऱ्यांनी तो फुटायचा, गळायचा. तळापासून शिपायाच्या गाडीपर्यंत जाताना तीस टक्के पेट्रोल वाया जात असल्याची नोंद सेनापती ऑकिन्लेक यांनी केली होती. हेच ऑकिन्लेक पुढे १९४३ ते १९४७ भारतात सरसेनापती होते. शिपाई मात्र हुशार. डबा अर्धा कापून त्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतायचे आणि त्यावर चहा उकळायचा. तेल वाहायला नालायक ठरलेला डबा चूल म्हणून उत्तम चालला! जर्मनांचे डबे हाती लागले की ते जपून ठेवले जात. जर्मनांना इंग्रज शिपाई 'जेरी' म्हणत, म्हणून तो डबा झाला 'जेरीकॅन'.

या डब्याचा एक धागा कलकत्त्याशी जुळतो. रिचर्ड डॅनियल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली ही हकीकत. पॉल प्लाइस नावाचा अमेरिकी अभियंता १९३९च्या उन्हाळ्यात एका जर्मन सहकाऱ्यासोबत बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पाणी ठेवायला म्हणून सहकाऱ्याने सैन्याच्या साठ्यातले तीन कॅन आणले. सहकाऱ्याला अर्ध्यातून परतावे लागले. प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोहोचला आणि गाडी तिथे ठेवून मायदेशी गेला. तिथे त्याने अधिकाऱ्यांना डब्याबद्दल सांगितले, पण कोणी मनावर घेतले नाही. पुढे कॅन प्रत्यक्ष हाती आल्यावर अमेरिकेत नक्कल झाली खरी, पण शिवण दुमडून केली, आतला लेप काढून टाकला आणि झाकण पान्याने उघडायचे ठेवले. ओतायला पुन्हा नरसाळे! जे सोयीचे तेच नेमके गाळले.

इंग्रजांनी मात्र अखेर जशीच्या तशी नक्कल केली. १९४४मध्ये फ्रान्समधून पुढे सरकणाऱ्या फौजा याच डब्यांवर चालल्या. शिपायांनी रिकामे डबे वाटेत फेकून दिले, त्यांची टंचाई पडली, तेव्हा ते गोळा करायला फ्रेंच शाळकरी मुलांना बक्षिसे लावली गेली. तोफा-रणगाड्यांच्या गोष्टींत हे डबे वेचणारे पोर मला अधिक आठवते.

आज युगांडासारख्या देशांत पिवळे प्लास्टिकचे जेरीकॅन डोक्यावर घेऊन बाया-पोरे पाणी आणतात. आपल्याकडे रानात दिसतो तोही प्लास्टिकचाच, पण पुष्कळदा त्यात वाऱ्याची नळी नसते. त्यालाही उपाय आहे. कॅन ओतताना त्याचे तोंड खालच्या कडेला न ठेवता वरच्या कडेला ठेवावे, म्हणजे तेल निघते तशी हवा आत शिरते आणि भळभळ थांबते. उचलणे जमत नसेल तर नळीच, पण तोंडाने नव्हे. आता एका टोकाला पितळी तोंड आणि आत गोळी असलेली नळी मिळते. कॅन टाकीपेक्षा उंच ठेवायचा, पितळी टोक तेलात बुडवून चार-सहा वेळा खालीवर हलवायचे. गोळी उचलली जाते, तेल नळीत चढते, आणि एकदा धार दुसऱ्या टोकाने खाली पडू लागली की ती आपोआप चालू राहते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गावी गेलो होतो. मामू आता नाहीत. त्यांचा धाकटा ट्रॉलीवर उभा राहून तीच नळी हलवत होता. मी म्हटले, "कितीला मिळाली?" तो म्हणाला, "दोनशेच्या आत, भाईजान." मी बराच वेळ ती धार पाहत उभा राहिलो.