चूल, ओले आणि भाकरीची सीमा

यंदा दसऱ्याच्या आधी जनवाड्याच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली. बिदरच्या उत्तरेला, मांजरेच्या खोऱ्यातले हे आमचे गाव. घर माळवदाचे. स्वयंपाकघराच्या भिंतीचे पोपडे गवंड्याने खरवडायला घेतले, तेव्हा चुन्याखाली काजळी लागली. काजळीखाली पुन्हा चुना, आणि त्याखाली पुन्हा काजळी. दर दिवाळीला आम्ही त्या भिंतीवर पांढरा हात फिरवत होतो आणि वर्षभर चूल तिला काळी करत होती. गवंडी म्हणाला, "सर, ही भिंत धुऊन निघायची नाही. फोडावीच लागंल." मी त्याला त्या दिवसापुरते थांबवले.

राजवटींचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. बिदरचा माणूस बहमनी, बरीदशाही, मोगल, निजाम अशी यादी सहज म्हणून दाखवतो. चुलीचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक या सगळ्या राजवटींत रोज दोन वेळा पेटत राहिली ती चूलच. मी काही संशोधक नव्हे. चाळीस-एक वर्षे शाळेत इतिहास शिकवला, एवढाच माझा अधिकार. पण या भिंतीपुढे उभा राहिलो तेव्हा वाटले, आपल्या घरातला हा इतिहास तरी नीट मांडावा.

आमच्या आजीची चूल मातीची. काळ्या मातीत भुसा आणि लीद कालवून, आठ दिवस तुडवून तिने ती स्वतः घातलेली. समोर तोंड, वर तीन खुट आणि बाजूला वैल. वैल म्हणजे चुलीला जोडलेले दुसरे छिद्र. मुख्य भांड्याखालून निघालेला जाळ वाया न जाता तिकडे वळायचा आणि त्यावर वरण नाहीतर आंघोळीचे पाणी तापायचे. धूर जायला माळवदाला भोक ठेवलेले असे. त्याला आम्ही सवणं म्हणायचो. पावसात त्यावर फरशी ओढली की धूर घरातच फिरे. जळण म्हणाल तर आमच्याकडे जंगल नव्हतेच. तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, गोवऱ्या आणि सणासुदीला बाभळीचे लाकूड. शेजारच्या अक्का कानडी बोलणाऱ्या. त्यांच्या घरी चुलीला ओले म्हणत आणि धुराला होगे. पलीकडच्या मोहल्ल्यात चूल्हा आणि धुआँ. भाषा तीन, पण डोळ्यांतून येणारे पाणी एकच.

हा धूर काढून टाकावा असे सुशिक्षित माणसांच्या मनात कधी आले, याचा मी शोध घेतला. आपल्या भागाच्या जवळ दोन जागा सापडल्या. पहिली वर्धा. तिथल्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. १९४७च्या सुमारास तिथून 'मगन चूल' पुढे आली. एकाच जाळावर एकापुढे एक भांडी आणि शेवटी धुराडे, अशी तिची मांडणी. दुसरी जागा तर आपल्याच राज्यातली. त्या वेळी बिदर हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली, त्यानंतरच्या काही वर्षांत हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू या अभियंत्याने धूरविरहित चुलीचा ध्यास घेतला. त्यांचे 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' हे पुस्तक १९५३ साली मद्रासहून निघाले. मातीचीच चूल, पण तिच्यात जाळाला वाट आखून दिलेली, हवा कमीजास्त करायला झडप आणि धूर छपराबाहेर नेणारे धुराडे. धरणे आणि कालवे बांधणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी बाईच्या डोळ्यांचा विचार केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

हैदराबादची ती चूल जनवाड्यात आमच्या घरी पोहोचली नाही. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली. जुना बिदर जिल्हा तीन वाटांनी गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात; जहिराबाद, नारायणखेड आंध्रात; आणि बिदर, भालकी, हुमनाबादबरोबर आम्ही म्हैसूर राज्यात. त्या दिवसाबद्दल आपल्या दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. मला इथे चुलीपुरतेच बोलायचे आहे. आमची राजधानी बदलली, हैदराबाद परराज्यात गेले आणि सुधारणेची वाट आता बंगळूरहून येणार होती.

ती यायला पंचवीस-तीस वर्षे लागली. १९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले. मग सरपणाच्या टंचाईकडेही शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. तुमकूर जिल्ह्यातल्या उंग्रा या गावी त्यांचे केंद्र होते. तिथल्या कामातून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'अस्त्र ओले' तयार झाली. तीन भांड्यांची, बंद तोंडाची, जळणाखाली जाळी असलेली आणि धुराड्याची. साध्या उघड्या चुलीत जळणातली दहाएक टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी हवेत जाते. या ओलेने प्रयोगशाळेत चाळीस टक्क्यांच्या वर मजल मारली. याच सुमारास केंद्र सरकारनेही सुधारित चुलींचे काम हाती घेतले. १९८३ला प्रात्यक्षिके झाली, १९८५पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालला, आणि पक्क्या बांधलेल्या चुलीने किमान वीस टक्के उष्णता भांड्याला द्यावी असा दंडक ठरला.

अशा वातावरणात १९८७ साली मी आमच्या घरात सुधारित चूल घालून घेतली. कुणी माझ्यावर लादली नव्हती. मी मास्तर, चार ठिकाणी वाचले होते, गावाला उदाहरण घालून द्यावे अशी हौस होती. आईला विचारले नाही. गवंड्याला पुस्तकातले चित्र दाखवले आणि आजीची चूल फोडून तिथे नवी उभी केली. पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरात धूर नव्हता. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला आत नेऊन दाखवत असे.

महिनाभराने शाळेतून आलो तर चुलीचे तोंड फोडलेले. आईने खुरपे घेऊन ते चांगले वीतभर रुंद केले होते. मी चिडलो. सरकार काय सांगते, शास्त्रज्ञ काय सांगतात, असे बरेच काही बोललो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, वरण व्हतंय हिच्यावर, भात व्हतोय. भाकर कुठं फुगवू?"

मी तिला अडाणी ठरवले. चूक कुठे होती ते समजायला मला पुढची पंधरा वर्षे लागली.

ज्वारीची भाकर तव्यावर अर्धीच होते. एक बाजू भाजली, दुसरीला पाणी फिरवून उलटली, की तिला चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यासमोर उभी करावी लागते. तिथे ती टम्म फुगते. भाकरीला शेवटी जाळ नको, आर लागतो. बंद तोंडाच्या चुलीत आर ओढायला जागाच नव्हती. दुसरे म्हणजे आमचे जळण. बारीक तोंडात लाकडाचे बेतशीर तुकडे जातात. पुरुषभर उंचीच्या तुराट्या मोडून मोडून घालायच्या तर बाईने थापायचे कधी? तुमकूरकडे अन्न नाचणीच्या मुद्द्याचे आणि भाताचे. तिथे सगळे भांड्यात शिजते, म्हणून बंद ओले तिथल्या घराला मानवण्यासारखी. आमच्या शेजारच्या अक्का अस्सल कानडी. पण त्यांच्या घरी जोळद रोट्टी, म्हणजे आपली भाकरच. त्यांनीही त्यांच्या ओलेचे तोंड फोडले होते! तेव्हा मला उमगले की राज्यांची सीमा एकीकडून जाते आणि भाकरीची सीमा दुसरीकडून. चुलीच्या बाबतीत आम्ही आणि अक्का एका राज्यातले, तुमकूर दुसऱ्या.

फोडलेल्या तोंडातून थंड हवा वारेमाप आत शिरू लागली आणि धुराड्याची ओढ मोडली. त्यात धुराडे साफ करायचे असते हे पुस्तकात वाचूनही मी वर्षभर माळवदावर चढलो नाही. काजळीने ते बुजले आणि धूर पूर्वीसारखा आत फिरू लागला, उलट जास्तच. कारण नव्या चुलीच्या भरवशावर मी सवणंही बुजवून टाकले होते. सांगायला लाज वाटते, पण हा इतिहास आहे, आणि इतिहासात लपवून चालत नाही.

२००३ साली आईचा श्वास फारच लागू लागला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "या विडी ओढायच्या का?" तिने जन्मात विडीला हात लावला नव्हता. मग त्यांनी विचारले, "स्वयंपाक कशावर?" पुढच्या वर्षी ती गेली. दोष एकट्या त्या चुलीचा नव्हता. लहानपणापासूनचा धूर तिच्या छातीत साठला होता. पण शेवटची सोळा वर्षे तरी तो कमी करणे माझ्या हातात होते.

हे दुखणे आमच्या एका घराचे नाही, हे पुढे वाचनातून कळले. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला. तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी, अशीच सर्वांची समजूत होती. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि चूल बदलली म्हणून भागत नाही हेही दिसले. ओडिशात सुमारे २६०० कुटुंबांचा चार वर्षे अभ्यास झाला, तो २०१६ साली छापून आला. सुधारित चुलीने पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही. कारण चुलींची निगा राहिली नाही आणि वापरही कमी होत गेला. ते वाचताना मला माझे बुजलेले धुराडे आठवले. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली घातल्याची नोंद आहे. २००२ साली तो केंद्राने आवरता घेतला.

पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, जरा वेगळा रस्ता धरला. चुलीची मापे हातावर न सोडता त्यांनी साचे केले आणि कुंभारांना, गवंड्यांना शिकवून 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी' अशा चुली पसरवल्या. चूल ही दुकानातून विकत घेण्याची, टिकाऊ वस्तू झाली, तर तिची निगाही राहते, हा त्यातला विचार मला पटतो. मग १ मे २०१६ला बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ला तिची आठ कोटीवी जोडणी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली. गॅस आमच्याही घरी आहे. पण जनवाड्यात संध्याकाळी फिरून पाहा: चहा-वरण गॅसवर, आणि भाकर व आंघोळीचे पाणी अजून मागच्या अंगणातल्या चुलीवर. सिलिंडर लवकर संपू नये ही एक काळजी, आणि भाकरीची चव ही दुसरी.

म्हणून जिथे चूल पेटतेच, तिथे ती कशी पेटवावी, हे माझ्या चुकांतून आलेले चार शब्द सांगतो. धूर म्हणजे न जळलेले जळण. लाकूड तापले की आधी त्यातले पाणी जाते, मग वायू सुटतात. त्यांना पुरेशी धग आणि हवा मिळाली तर त्यांचा जाळ होतो, नाही मिळाली तर धूर. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. म्हणून जळण उन्हाळ्यातच फोडून, पावसाळ्याआधी आडोशाला रचावे. जाड ओंडक्यापेक्षा मनगटाएवढ्या ढलप्या बऱ्या. तोंड कोंबून भरू नये; थोडे थोडे सरकवत जावे. जळणाखाली लोखंडी जाळी ठेवली की हवा खालून येते आणि फुंकणीचे काम कमी होते. भांड्यावर झाकण, डाळ आधी भिजवलेली आणि वैलावर कायम काहीतरी ठेवलेले असावे. धुराडे असेल तर ते माळवदाच्या वर दोन-तीन फूट जाऊ द्यावे आणि महिन्याला झाडावे. धुराडे नसेल तर चूल उघड्यावर, नाहीतर दोन बाजूंनी मोकळ्या पडवीत असावी, आणि लहान लेकरू चुलीजवळ मांडीवर घेऊन बसू नये. आणखी एक: निखाऱ्याला धूर दिसत नाही म्हणून थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवू नये. त्यातून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

असो. घराचे काम आता संपत आले आहे. ती भिंत शेवटी फोडली. सूनबाई म्हणाली, "मामंजी, मागच्या पडवीत भाकरीपुरती एक चूल पाहिजे." या वेळी मी पुस्तक उघडले नाही. तिला म्हटले, तू सांग. तिने पडवीत बसून परातीची जागा दाखवली, तव्याची उंची हाताने मोजून दिली, आर ओढायला तोंडापुढे वीतभर ओटा मागितला आणि वैल डावीकडे घ्यायला लावला. मी फक्त दोन गोष्टी माझ्या पदरच्या घातल्या: खाली जाळी आणि वर धुराडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी माळवदावर चढून ते झाडायचे काम नातवाने घेतले आहे. तो चढतो तेव्हा शिडी मी धरतो.