दोष आईबापांचा नव्हे

आपल्या गावातही एखादे मूल असे असते. हाक मारली तरी मान वळवीत नाही, आईच्या नजरेला नजर देत नाही, तासन् तास खेळातल्या गाडीचे एकच चाक फिरवीत बसते. शेजारीपाजारी कुजबुजतात, "बाहेरचे काही असेल," नाही तर "आईचेच काही चुकले असेल." श्रोतेहो, या दुसऱ्या बोलण्याचा इतिहास आज सांगायचा आहे. कारण हे बोलणे पारावरच झाले असे नाही, विद्वानांच्या ग्रंथांतही झाले.

स्वमग्नतेच्या अभ्यासाचा आरंभ एका बापाच्या पत्राने झाला, असे म्हटले तरी चालेल. १९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने डॉनल्ड या आपल्या मुलाची हकीकत ३३ पानांत लिहून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांना कळवली. पुढे कॅनरांनी अशा ११ मुलांवर १९४३ साली निबंध लिहिला. हा दोष जन्मजात आहे असे त्यांनी त्यात म्हटले. पण या मुलांचे आईबाप मायेला कोरडे असतात, असाही शेरा मारला. झाले! तेच बी रुजले. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाने तर ते सर्वत्र पसरवले. मुलाचे दुःख होतेच, त्यावर आईच्या कपाळी अपराधही आला.

याला उत्तर दिले तेही एका बापानेच. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. दोष मायेचा नसून मेंदूचा आहे, असे त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात मांडले. १९६९ साली पालकांच्या परिषदेत खुद्द कॅनरांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

आता मेंदूकडे वळू. २००५ साली त्याच जॉन्स हॉपकिन्समधील व्हार्गास, पार्दो प्रभृती संशोधकांनी ११ मृत स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्यांना मेंदूचे जागले म्हणा ना! हे जागले तिथे खडबडून उठलेले दिसले. यालाच दाह म्हणतात. पण जागल्या उठला म्हणजे चोर सापडला, असे होते का? हा दाह रोगाचे कारण, की परिणाम, की मेंदूची स्वतःला सावरण्याची धडपड, हे त्यावरून ठरत नाही.

पालक मात्र विचारू लागले, दाह आहे तर दाहाचे औषध द्या! संशोधकांनी स्पष्ट सांगितले की, अशा औषधांना आज आधार नाही. आशेला घाई असते, हे आपण समजू शकतो. पण घाईचा तोटाही पाहा. १९९८ साली इंग्लंडात १२ मुलांवरील एका निबंधाने गोवराच्या लसीवर संशय आणला. पुष्कळ पालकांनी लस टाळली. पुढच्या मोठमोठ्या पाहण्यांत तसा संबंध आढळला नाही, आणि २०१० साली तो निबंध मागे घेतला गेला. गोवर मात्र संशय फिटण्याची वाट पाहत थांबत नाही.

आणि हेही विसरू नका: तपासायला मेंदू मिळतात, ते शोकात बुडालेल्या घरांनी दिले म्हणून. ज्यांना दोष दिला, त्यांनीच शास्त्राला हात दिला.

गुरुजी, तुमच्या वर्गात असे मूल आले तर आईला "काय चुकले?" असे विचारू नका. "याला काय आवडते?" एवढेच विचारा. डॉनल्डच्या वडिलांप्रमाणे ती तुम्हांला ३३ पाने सांगेल. ती नीट ऐकून घ्या.