मिरगाच्या मातीतलं लाल औषध



मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईला स्तनाचा कर्करोग निघाला. गटाने तिला अंतर्गत कर्ज दिलं आणि सोबत म्हणून मी दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी लालभडक औषध सलाईनला जोडलं, तशी ताईने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "हाई काय शे वं माय? रगत शे का?" मला सांगता येईना. गावात परतलो तर बाया म्हणाल्या, ते विष आहे. दुसऱ्या फेरीला ताई जायलाच तयार नव्हती. तेव्हा मी या औषधाचं मूळ शोधायला बसले. ते निघालं मातीत.

मिरगाचा पहिला पाऊस पडला की तापीकाठची काळी जमीन कशी घमघमते! तो वास मुख्यतः मातीतल्या बारीक जिवांचा असतो. त्यांचं एक मोठं घराणं म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस. हे जीव निरनिराळी रसायनं तयार करतात. आजूबाजूच्या जंतूंना थोपवायला ती त्यांच्या कामी येतात, असं मानलं जातं.

अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांनी याच घराण्याचा अभ्यास केला. 1940 मध्ये त्यांना ॲक्टिनोमायसिन मिळालं. ते फार जहाल होतं, पण पुढे तेच लहान मुलांच्या किडनीच्या कर्करोगावर कामाला आलं. 1943 मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याला टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. मग जगभर शास्त्रज्ञ मातीचे नमुने गोळा करू लागले.

आपला महाराष्ट्रही यात मागे नव्हता. पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. 1955 पासून तिथे पेनिसिलीन बनू लागलं. तिथले शास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला. गावावरून त्याचं नाव ठेवलं 'पिंपरिना'. त्यापासून 1961 मध्ये 'हॅमायसिन' हे बुरशीवरचं औषध जगापुढे आलं. पुढे याच कारखान्यातून पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिनही निघालं.

आता आपलं लाल औषध. इटलीत कास्तेल देल मोंते नावाचा जुना किल्ला आहे. त्याच्या परिसरातल्या मातीत 1950 च्या दशकात एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला. तो लाल रंगाचं रसायन बनवत होता. त्याच्यात थोडा बदल घडवून 1960 च्या दशकात शास्त्रज्ञांनी आणखी गुणाचं औषध मिळवलं. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं नाव पडलं एड्रियामायसिन. दवाखान्यात त्याला डॉक्सोरुबिसिन म्हणतात.

म्हणजे ते रक्त नाही. त्याचा रंगच मुळात लाल आहे. एकदोन दिवस लघवीलाही लाली येते, घाबरू नका. ते भराभर वाढणाऱ्या पेशींमध्ये शिरून त्यांची वाढ रोखतं. केसांच्या मुळाच्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून केस गळतात. उपचार संपल्यावर ते बहुतेक परत येतात. औषध जहाल आहे, हे मात्र खरं. जास्त झालं तर हृदयाला इजा होते. म्हणून डॉक्टर हृदय तपासतात आणि मोजूनमापून देतात.

हे सगळं मी ताईला ओसरीवर बसून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मातीतलंच आहे ना, मग चल." तिने सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या. आता डोक्यावर बोटभर केस आलेत आणि ती बैठकीला येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मातीत औषध सापडलं म्हणून गाठीवर माती लावायची नाही. मातीतून सलाईनपर्यंत यायला कित्येक वर्षांची मेहनत आणि तपासण्या लागल्या आहेत. छातीत गाठ लागली, दुखत नसली तरी, लगेच आशाताईला सांगा, डॉक्टरांना दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी ठेवा.

यंदा मिरगाचा वास आला की आपल्या गटात गाठीबद्दल एकदा बोला. येते मी. नमस्कार!