प्रश्न कोणाचा, पैसा कोणाचा?

विज्ञान आणि धर्म यांचे नाते हा वर्गात हमखास निघणारा विषय. त्यावर आपण जे वाचतो, त्यामागे कोणाचा पैसा आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

जॉन टेम्पलटन या अमेरिकेत जन्मलेल्या धनाढ्य गुंतवणूकदाराने १९८७ साली आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या निधीतून २००५ साली केंब्रिजमध्ये या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पत्रकारांसाठी पाठ्यवृत्ती सुरू झाली. शास्त्रज्ञ आणि धर्मशास्त्रज्ञ या दोघांचीही व्याख्याने तेथे होत.

पहिल्याच तुकडीत जॉन होर्गन हे अमेरिकी विज्ञानलेखक होते. व्याख्यानांचा एकूण तोल धर्माकडे, विशेषतः ख्रिस्ती धर्माकडे झुकलेला होता, असे त्यांनी २००६ साली जाहीरपणे लिहिले. पाठ्यवृत्तीमुळे त्यांची लेखणी बांधली गेली नाही, हे खरे. पण वक्ते कोण असावेत, हे तर आधीच ठरलेले होते!

आम्ही संशोधकही अनुदानावरच काम करतो. पैसा घेतला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र कोणता प्रश्न विचारला जाईल, यावर पैशाचा प्रभाव पडू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांना लेख वाचून दाखवताना आपण एवढे जरूर विचारावे: खर्च कोणी केला आणि कोणाला बोलावलेच नाही?