तुपाऐवजी तेल

दुधनी हे सोलापूर जिल्ह्याच्या टोकाचे गाव. तालुका अक्कलकोट. मुंबईहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग अक्कलकोट रोड सोडून गाणगापूरकडे निघाला म्हणजे वाटेत हे स्टेशन लागते. सीमेवरचे गाव, तेव्हा ओसरीवर मराठी आणि चुलीपाशी कानडी, किंवा याच्या उलट, असा इथला संसार. गावाच्या नावात दूध ऐकू येते. त्याची खरी व्युत्पत्ती पंडितांनी शोधावी. आम्ही लहानपणी मात्र इथे पूर्वी दुधाच्या नद्या वाहत असतील असे धरून चाललो होतो.

अशा या गावी आमच्या घरात गेल्या दिवाळीला माझी पुतणी पुण्याहून आली ती दूध सोडून. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. इंग्रजीत ज्याला व्हीगन म्हणतात तो आहार. मांस आमच्या घरी कोणीच खात नाही, त्यामुळे सोडायला तिच्याजवळ एवढेच उरले होते, असे कोणीसे म्हणालेही. घरात दोन दिवस कुजबुज झाली. माझे थोरले बंधू म्हणाले, "तूप नाही तर दिवाळी कशाची गं, पोरी? हे फॅड गांधीजींनासुद्धा झेपलं नाही." आमची चुलती, वय वर्षे एक्याऐंशी, पिठात मोहन घालीत बसली होती. तिने वर न बघता विचारले, "तेल चालतंय की नाही तुला?" पोर म्हणाली, चालते. "मग तेलात करू की. त्याला काय होतंय!"

बंधूंनी गांधींचे नाव सहज घेतले, पण तेवढ्यावरून मी घरातली 'सत्याचे प्रयोग'ची जुनी प्रत पुन्हा काढली. दूध सोडण्याचा इतिहास आपल्याकडे लिहायचा तर त्या पुस्तकाशिवाय गत्यंतर नाही. वाचताना माझे लक्ष या वेळी व्रत घेणाऱ्याकडे कमी गेले. त्याच्या अवतीभोवती जी माणसे होती, त्यांच्याकडेच अधिक गेले.

व्रत घेतले गेले १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या टॉल्स्टॉय फार्मवर. दुधाविषयीची पहिली शंका गांधींच्या मनात रायचंदभाईंनी घातली होती, ती ब्रह्मचर्याच्या अंगाने. पुढे कलकत्त्याहून आलेल्या काही पत्रकांत गवळी लोक गाई-म्हशींना कसे छळतात याचे वर्णन होते आणि त्याने मन विटले. पण विटलेले मन आणि सोडलेले दूध यांच्यामध्ये पुष्कळ दिवस जातात, हे आपण सर्वजण जाणतो. ते अंतर तोडले हर्मन कॅलनबाखने. हा जर्मन ज्यू वास्तुशिल्पी. फार्मची अकराशे एकर जमीन त्याचीच. दुधाचे दोष आपण सदा बोलतो, मग ते सोडून का देत नाही, असे त्यानेच विचारले. दोघांनी तेथल्या तेथे प्रतिज्ञा केली. म्हणजे या व्रताला पहिल्या दिवसापासून दोन माणसे होती, आणि सूचना दुसऱ्याची होती!

त्याआधी त्याच देशात घडलेला एक प्रसंगही इथे आठवतो. कस्तुरबांच्या आजारात गांधींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडण्यास सांगितले. बा म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितले तर तुमच्याने तरी सुटेल का? गांधींनी त्याच क्षणी दोन्ही पदार्थ वर्षभरासाठी सोडले. बांनी गयावया केली, तरी शब्द मागे घेतला नाही. लेखक याला गोड आठवण म्हणतो. मला यात सोबतीपेक्षा हट्ट अधिक दिसतो. पण सोबत आणि हट्ट यांची सरमिसळ कोणत्या घरात नसते?

१९१४ च्या ऑगस्टात गांधी, कस्तुरबा आणि कॅलनबाख लंडनला पोचले ते महायुद्ध सुरू होता होता. तेथे गांधींना बरगड्यांच्या दुखण्याने गाठले. आहार होता शेंगदाणे, केळी, लिंबे, टोमॅटो, द्राक्षे, ऑलिव्हचे तेल. दूध नाही आणि धान्यही नाही. औषध देत होते तरुण डॉक्टर जीवराज मेहता, जे पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांनी दूध आणि धान्य घ्या म्हणून आग्रह धरला. गोष्ट गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या कानावर गेली.

गोखले हे गांधींचे गुरुस्थान. त्यांना या फलाहाराच्या तत्त्वज्ञानात काही अर्थ वाटत नव्हता आणि ते त्यांनी लपविले नाही. डॉक्टर सांगतील ते घ्या, असे त्यांनी बजावले. गांधींनी विचाराला चोवीस तास मागितले. घरी जाताना कॅलनबाख बरोबर होता. प्रकृतीसाठी प्रयोग सोडावा लागला तर तो त्यालाही कबूल होता. म्हणजे त्या रात्री दोन्ही बाजूंनी मोकळीक होती आणि निर्णय एकट्याचा होता. सकाळी गांधींनी सांगितले : बाकीचे पाहता येईल, दूध मात्र नाही. गोखल्यांना हे पटले नाही. यात मला धर्म दिसत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. पण आता आग्रह करणार नाही, असेही म्हटले आणि डॉक्टरांकडे वळून सांगितले की, यांना अधिक छळू नका. यांनी आखलेल्या मर्यादेत काय देता येईल ते द्या.

गोखल्यांच्या चरित्रात काउन्सिलातील भाषणे आहेत, प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आहे, भारत सेवक समाज आहे. या छोट्याशा प्रसंगाला कोणी फारशी जागा देत नाही. मला मात्र तो मोठा वाटतो. पटलेल्या गोष्टीत साथ देणारे पुष्कळ असतात. न पटलेल्या गोष्टीत साथ देणे, आणि तीही आपले मत न सोडता, हे काम अवघड आहे. ते गोखल्यांनी चार वाक्यांत केले.

कॅलनबाख मात्र या वाटेवरून गळला. जर्मन म्हणून त्याला हिंदुस्थानात यायची परवानगी मिळाली नाही. इंग्रजांनी त्याला नजरकैदेत ठेवले. १९३७ साली तो अखेर या देशात येऊन आपल्या मित्राला भेटला, पण तोवर बकरीचे दूध दोघांच्या मध्ये येऊन गेले होते. ती हकीकत पुढे आहे.

१९१५ च्या आरंभी गांधी पुण्यास आले. भारत सेवक समाजाच्या आवारात, पाहुण्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, सभासदांनी आणि मित्रांनी एक छोटासा मेळावा योजला. पुण्यातला उपाहार म्हटला की बासुंदी किंवा निदान दुधाचा चहा आलाच. या मेळाव्यात होते भुईमुगाचे दाणे, खजूर आणि ताजी फळे. एका पाहुण्याला चालेल तेच सर्वांच्या पुढे. त्याला वेगळे ताट मांडून बाजूला बसविले नव्हते. हा फरक ज्याने पथ्याचे ताट घेऊन पंगतीत बसून पाहिले आहे त्यालाच कळेल!

गोखल्यांची खोली तेथून थोड्या पावलांवर होती. मधुमेहाने ते जर्जर झाले होते. एवढे चालून येण्याचीही शक्ती नव्हती. तरी प्रेमापोटी आले आणि आल्यावर त्यांना घेरी आली. त्यांना उचलून खोलीत न्यावे लागले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठविला की मेळावा थांबवू नका. दाणे आणि खजूर पुढे चालू राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखले गेले. गांधी तेव्हा शांतिनिकेतनात होते.

आता १९१८. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गांधी पायपीट करीत होते. मुख्य खाणे म्हणजे दाण्यांचे लोणी आणि लिंबे. दाण्यांचे लोणी म्हणजे भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत वाटलेला गोळा. सोलापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आमच्या शेंगाचटणीची ती तिखट-मीठ-लसूण नसलेली बहीण. ते जास्त झाले आणि पोट बिघडले. तशात आश्रमात सणाचा दिवस होता. दुपारी काही खाणार नाही असे गांधींनी सांगून ठेवले होते. पण बांनी गव्हाची गोड लापशी केली होती आणि दुधातुपाची प्रतिज्ञा लक्षात ठेवून तिच्यात तुपाऐवजी तेल घातले होते. शिवाय वाटीभर मूग. गांधी मोहात पडले. तासाभरात आमांशाने उचल खाल्ली आणि जन्मातल्या सर्वांत मोठ्या दुखण्याला सुरुवात झाली.

या लापशीची हकीकत सांगताना लेखक आपल्या जिभेला दोष देतो. बांना दोष देत नाही, हे बरे. प्रतिज्ञा नवऱ्याची, तिची आठवण ठेवून सणाच्या दिवशी कढई वेगळी चढविणारी बायको. व्रत घेण्याच्या वेळी तिला कोणी विचारल्याचे मला आढळले नाही.

दुखणे लांबले. दुधाला पर्याय म्हणून कोणी मुगाचे पाणी सुचविले, कोणी मोहाचे तेल, कोणी बदामाचे दूध. सर्व करून झाले. वैद्यांनी चरकाचे श्लोक वाचून दाखविले की औषधात असला विधिनिषेध नसतो. हवापालटासाठी माथेरानला नेले, तर तेथले पाणी जड; आठवडा पुरा व्हायच्या आत तेथून पळ काढावा लागला. मग मुंबई. १९१९ च्या जानेवारीत डॉक्टर दलालांनी शस्त्रक्रिया केली आणि सांगितले की दूध घेतल्यावाचून शरीर पुन्हा भरून यायचे नाही. गांधींनी प्रतिज्ञेचा इतिहास सांगितला. गाई-म्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या प्रकाराने दुधाचा तिटकारा कसा आला तेही सांगितले. (जनावराने अधिक दूध सोडावे म्हणून करावयाचा हा अघोरी प्रकार १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरविला आहे.) खाटेजवळ कस्तुरबा उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग बकरीच्या दुधाला तुमची हरकत नसावी.

डॉक्टरांनी तो शब्द झेलला. गांधींनी मान तुकविली. प्रतिज्ञा घेताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैस होती हे खरे, पण तिच्या आशयात सर्वच दूध आले होते, हे त्यांना ठाऊक होते. शब्द राखला आणि आत्मा दुखावला, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सत्याग्रहासाठी जगण्याची इच्छा प्रबळ ठरली. बकरीचे दूध त्यानंतर सुटले नाही. शिवाय आपल्या सांगण्यावरून ज्यांनी दूध सोडले असेल त्यांनी अनुभवी वैद्याच्या सल्ल्यावाचून ते व्रत चालवू नये, असा इशाराही त्यांनी दिला.

माझे बंधू इथे थांबतात आणि म्हणतात, पाहा, नाही झेपले. पण वर्षे मोजावीत. १९१२ ते १९१९, दूध नव्हते. आणि त्या काळी दुधावाचून राहणाऱ्याला काय कमी पडू शकते हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. ब-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढले गेले १९४८ साली. ते तयार करतात जिवाणू; मांसातून, अंड्यांतून आणि दुधातून ते आपल्याला मिळते, वनस्पतीतून भरवशाने मिळत नाही. आज दूध सोडणारा माणूस ते गोळीतून घेतो किंवा ते मुद्दाम घातलेले पदार्थ खातो. गांधींचे दुखणे त्याच कमतरतेचे होते असे म्हणता यायचे नाही. ते आमांशाचे होते. पण मोहाचे तेल आणि मुगाचे पाणी यांत चाचपडणाऱ्या त्या वैद्यांची आज कीव येते. पर्यायाचा शोध गांधींनी पुढेही सोडला नाही : १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग चालले होते आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लेख येत होते. तेच सोयाबीन आज विदर्भात आणि मराठवाड्यात शेतोशेत दिसते, फक्त त्याच्याकडे दुधाचा पर्याय म्हणून पाहणारा शेतकरी विरळा.

पुढचे पाऊल पडले ते इंग्लंडात. नोव्हेंबर १९४४, युद्ध चालू, अन्नावर नियंत्रण. डोनाल्ड वॉटसन हा सुतारकामाचा शिक्षक. लहानपणी काकाच्या शेतावर डुकराची हत्या पाहून याने मांस सोडले होते, मग दूधही सोडले. शाकाहारी मंडळाच्या मासिकात बिनदुधाच्या लोकांसाठी थोडी जागा मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा लंडनात सहा जण जमले आणि त्यांनी आपले वेगळे मंडळ काढले. 'व्हेजिटेरियन' शब्दाची सुरुवातीची अक्षरे आणि शेवटची अक्षरे जोडून 'व्हीगन' हे नाव त्याच मंडळींनी केले. वॉटसन २००५ साली वारला, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी. बंधूंना ही माहिती मी मुद्दाम दिली. "त्याला थंड हवा होती," एवढेच ते म्हणाले.

दुधनीला हवा थंड नाही, पण दाणे आहेत, तूर आहे, करडईचे तेल आहे, कडक भाकरी आहे. चुलतीने फराळाची यादी स्वतः तपासली. चकली, शेव, चिवडा, कडबोळी यांत मुळातच दूध नव्हते. शंकरपाळ्यांत दुधाच्या जागी पाणी घातले आणि मोहन तेलाचे. बेसनाचे लाडू तुपावाचून वळेनात, तेव्हा ते सोडून दिले आणि त्याऐवजी शेंगाच्या पोळ्या केल्या : दाण्याचे कूट, गूळ, वेलदोडा, भाजायला तेल. पाडव्याच्या दिवशी पंगतीत सर्वांना त्याच वाढल्या. ज्यांना तूप हवे त्यांच्यासाठी तुपाची वाटी मध्ये ठेवली होती. बंधूंनी ती आपल्याकडे ओढून घेतली, तीन पोळ्या खाल्ल्या आणि चौथी कोरडीच घेतली.

पोर निघाली तेव्हा चुलतीने दहा पोळ्यांचा डबा बांधून दिला आणि विचारले, "ते गोळीचं काय म्हणत होतीस, ती घेतेस की नाही रोज?"