आगोटची बेगमी

आगोटची बेगमी : पावसाळ्याचे चार महिने घर चालेल एवढे धान्य, मसाले, मीठ, आंबट, सुकी मासळी आणि सरपण मृगाच्या आत घरात भरून ठेवण्याची उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरची रीत. पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्यात कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी, भंडारी, ख्रिस्ती अशा बहुतेक सर्व समाजांत ती होती आणि बऱ्याच घरांत अजून आहे. वसई-विरार शहरात तिचे रूप पालटले. महिन्याचा ठोक किराणा आणि रविवारी करून फ्रीजरमध्ये ठेवलेली वाटणे ही तिचीच पुढची पायरी असल्याने दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

वसईच्या दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, कच्चे रस्ते चिखलात जात आणि घरातली धडधाकट माणसे लावणीला जुंपली जात. भाताचे पैसे हातात येत ते थेट आश्विन-कार्तिकात. म्हणजे बाजार दूर, वेळ नाही आणि रोकडही नाही, अशा तिन्ही अडचणी एकाच वेळी येत. मासेमारी पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत रिवाजाने बंद असे. आता राज्य शासन यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी घालते. या काळात ताजी मासळी थोडी आणि महाग असते, तर चैत्र-वैशाखात धान्य, मिरची, चिंच, कोकम, सुकी मासळी हे सगळे कोरडे, भरपूर आणि त्यामानाने स्वस्त मिळते. बेगमीतली खरी बचत या फरकातून होते. पोते मोठे घेतले म्हणून पैसे वाचले, ही समजूत अर्धीच खरी आहे. श्रावणात घेतलेले मोठे पोते वैशाखातल्या लहान पोत्याइतके स्वस्त पडेलच असे नाही.

बेगमीत पहिला मान तांदळाचा. शेती असलेल्या घरात भात कणगीत राही आणि लागेल तसे कांडून घेतले जाई. विकत घेणारे जुना तांदूळ शोधत, कारण जुना तांदूळ शिजताना फुलतो, भात मोकळा होतो आणि तेवढ्याच मापात जास्त ताटे वाढून होतात. शेजारच्या वाडा तालुक्यातल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो चवीला उत्तम असला तरी रोजच्या खर्चाला जड जातो, त्यामुळे पुष्कळ घरांत सणाला कोलम आणि रोज जाडा तांदूळ अशी विभागणी असते. तांदळाच्या पाठोपाठ वाल, तूर, चवळी, खडे मीठ, चिंचेचे मीठ लावून वळलेले गोळे, कोकम, आंबोशी, लोणचे, पापड. मीठ दूरवरून आणावे लागत नसे, कारण खाडीकाठची मिठागरे जवळच होती. आगाशीकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करतात. ही पोटभरीची वस्तू नव्हे. मुलांच्या हातावर ठेवायचा तो गोडवा, आणि बेगमीत त्यालाही जागा असते.

सुकी मासळी हा या बेगमीचा कणा. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव या कोळीवाड्यांत डोल जाळ्यात सापडणारा बोंबील हिवाळ्यात वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीच्या दोरीवर टांगायची. ऊन-वाऱ्यात काही दिवसांत ती कडक होते. ताज्या बोंबलात जवळजवळ ९० टक्के पाणी असते, म्हणून टोपलीभर मासळीचा वाळून मूठभर ऐवज उरतो आणि उरतो तो बहुतांश प्रथिनांचा. बोंबील आणि जवळा बिनमिठाचे वाळवतात, मोठ्या माशांचे मात्र खारे करतात. सोलून वाळवलेली कोळंबी म्हणजे सोडे, हा सगळ्यांत महाग माल. त्याच्या चार तुकड्यांनी वालाच्या बिरड्याला किंवा वांग्याच्या रश्श्याला जी चव येते ती पाहता तो महाग म्हणावा असे वाटत नाही. स्वस्ताईत जवळ्याला तोड नाही. वाटीभर जवळा, तीन कांदे, थोडी चिंच आणि मसाला एवढ्यात चार माणसांचे कालवण निभावते.

घेताना पारख लागते. चांगला बोंबील वाकवला की कडकन मोडतो. लवला, तर आत पाणी आहे आणि आषाढात त्याला बुरशी धरणार. झोंबरा, नाकात जाणारा वास आला तर तो माल घेऊ नये. जवळा ओंजळीत घेऊन हलवला की तळाशी वाळू बसते. चटईवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवलेला जवळा थोडा महाग असला तरी तोच घ्यावा, कारण वाळूचेही वजन आपल्याच पैशाने होते. घरी आणल्यावर डोकी-शेपट्या काढून, तुकडे करून त्याला पुन्हा दोन उन्हे द्यायची, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मग कागद घातलेल्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरायचे. गरम असताना झाकण लावले तर आत वाफ धरते आणि सगळा डबा वाया जातो.

मसाला हे वर्षभराचे काम, ते एप्रिल-मेमध्ये उरकते. मिरची, धणे, हळकुंडे आणि गरम मसाला वेगवेगळे भाजून एकत्र कुटतात. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला याच हंगामात होतो. त्यात मिरच्यांबरोबर तीळ, खसखस, गहू आणि हरभरेही असतात. कुटलेली पूड गडद काचेच्या बाटलीत काठीने ठासून भरतात, म्हणजे आत हवा उरत नाही आणि उजेडाने रंग उडत नाही. मिरची आणायला मुंबईत लालबागला जाणारी घरे अजून आहेत. उखळ-मुसळाची जागा आता डंकाने घेतली. तरी जाणत्या बाया डंकापाशी उभ्या राहून आपला मसाला आपल्या डोळ्यांदेखत कुटून घेतात, आणि ते योग्यच आहे. बरणीत वर हिंगाचे दोन खडे ठेवले की झाले.

धान्य टिकवण्याच्या जुन्या युक्त्या साध्या होत्या : कडक ऊन, कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, वाल-तुरीला राख, गहू-डाळींना एरंडेलाचा हात. पुढे तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची सवय पसरली. ती सोडावी. बोरिक ॲसिड पोटात जाणे घातक आहे आणि ते दरवेळी पूर्ण धुऊन निघेल याची खात्री नसते. एरंडेल आणि कोरडा डबा यांनी चार-सहा महिने भागते. त्याहून जास्त साठवायचे कारण शहरात उरलेले नाही.

शहर वाढले ते लोहमार्गाच्या कडेने. विरारपर्यंत विजेच्या गाड्या १९३६ मध्ये आल्या. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार या स्थानकांभोवती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इमारती उठल्या. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. इथे आलेल्या कुटुंबाला कणगी ठेवायला पडवी नव्हती आणि वाळवण घालायला अंगण नव्हते. गच्ची होती, पण ती सगळ्यांची. बाजार मात्र दारात आला. अडचण आता वेळेची झाली. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, एका बाजूला दीड तासाच्या आसपास. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी सुरू झालेली महिला विशेष गाडी पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. त्या गाडीत आणि इतर गाड्यांच्या महिला डब्यांत मटार सोलणे, मेथी निवडणे, गवार मोडणे ही संध्याकाळच्या स्वयंपाकाची तयारी वर्षानुवर्षे चालत आली आहे. फ्रीजरचा स्वयंपाक या वेळेच्या टंचाईतून आला. त्याने किराण्याचे बिल थोडेच कमी होते. खरी बचत होते ती थकून घरी आल्यावर बाहेरून मागवल्या जाणाऱ्या जेवणाची.

ठोक किराण्याचा हिशेब वस्तूगणिक करावा. एक वेळ भात आणि एक वेळ पोळी खाणाऱ्या चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण १० किलो तांदूळ लागतो. ३० किलोचे पोते तीन महिने पुरते आणि तोवर खराब होत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठ्या पोत्याला तो नाही, म्हणून २६ किंवा ३० किलोचे पोते घेण्यात आणखी थोडा लाभ झाला. डाळ, साखर, साबण, चहा ठोक घ्यावे. रवा, बेसन, शेंगदाणे, सुके खोबरे पावसाळ्यात महिन्यापुरतेच घ्यावे, कारण दमट हवेत ते लवकर खवट होतात किंवा अळी धरतात. तेलाचा १५ लिटरचा डबा स्वस्त पडतो खरा, पण तो घरात असला की कढईत हात सैल पडतो, हे कुठल्याही गृहिणीला विचारावे. डी-मार्टसारख्या दुकानांतली सूट उपयोगी आहे. मात्र यादीबाहेरची एक वस्तू पिशवीत पडली की पोत्यावरचा सगळा लाभ तिथेच फिटतो.

फ्रीजरमध्ये या भागातल्या स्वयंपाकाचे सर्वांत चांगले टिकते ते वाटण. पाच-सहा कांदे उभे चिरून तेलावर तांबूस करायचे, दोन नारळांचे खोबरे खरपूस भाजायचे, आले-लसूण घालून कमीत कमी पाण्यात वाटायचे. गार झाले की बर्फाच्या साच्यात भरायचे आणि गोठल्यावर तुकडे पिशवीत काढून घ्यायचे. चार तुकडे, दोन चमचे मसाला आणि पाणी एवढ्यात रस्सा उभा राहतो, मग त्यात अंडी घाला, भिजवलेले वाल घाला किंवा सुके बोंबील. खवलेला नारळ, हिरवे वाटण, चिंचेचा कोळ, मोड काढून सोललेले बिरडे हेही असेच टिकते. मटार पौष-माघात स्वस्त असतात तेव्हा पाच-दहा किलो घेऊन सोलावे, उकळत्या पाण्यात दोन मिनिटे काढून लगेच थंड पाण्यात टाकावे आणि कोरडे करून भरावे. हे उकळणे टाळले तर दोन-तीन महिन्यांत रंग आणि चव दोन्ही उतरतात. कोळंबी सोलून थोड्या पाण्यासकट गोठवावी. बांगड्यासारखा तेलकट मासा दोन-तीन महिन्यांच्या आत संपवावा. ताजा बोंबील गोठवू नये, पाणी सुटून त्याचा लगदा होतो. बटाटा घातलेली भाजीही फ्रीजरसाठी नाही, फोडी रवाळ होतात.

काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत गार करून फ्रीजरमध्ये ठेवावे. पातेलेभर एकत्र न ठेवता उथळ डब्यांत किंवा चपट्या पिशव्यांत, एका जेवणाला लागेल तेवढेच ठेवावे. पिशवीवर तारीख लिहावी. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते एवढेच. त्यामुळे ओट्यावर दिवसभर विरघळत ठेवलेले मटण पुन्हा गोठवणे हे आजाराला आमंत्रण आहे. महिनोन्‌महिने साठवणीला उणे १८ अंश सेल्सिअस थंडी लागते. एका दरवाजाच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात सहसा एवढी थंडी होत नाही, म्हणून त्यात आठ-दहा दिवसांचेच ठेवावे. वीज गेल्यास गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास धरतो. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारमध्ये लोकल बंद पडल्या, वस्त्यांत पाणी शिरले आणि अनेक भागांत वीजही गेली. अशा वेळी फ्रीजरवर विसंबलेल्या घरापेक्षा डब्यात जवळा आणि बरणीत लोणचे असलेले घर निर्धास्त असते. जुलैत फ्रीजर हलका ठेवून पत्र्याचे डबे भरलेले ठेवावेत, हा इथल्या हवामानाला धरून असलेला विचार आहे.

बेगमीला तीन गोष्टी लागतात : एकरकमी पैसा, जागा आणि कुणाचे तरी श्रम. श्रम जवळजवळ पूर्णपणे बायकांचे, आणि ते हिशेबात कधीच धरले गेले नाहीत. पैसा आणि जागा तर सर्वांकडे नसतेच. नालासोपाऱ्याच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, रोजंदारीवर चालणाऱ्या घराला तेल पाव लिटर आणि डाळ पाव किलो अशीच आणावी लागते, आणि किलोमागे सर्वांत जास्त दर तेच घर मोजते. शिधापत्रिका असेल तर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दरडोई ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, १ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य. परराज्यातून आलेल्यांना त्यांच्या गावच्या शिधापत्रिकेवर इथल्या दुकानातून धान्य घेता येते. डाळ, तेल, मसाला मात्र बाजारातूनच आणावा लागतो.

यावर इथे चालत आलेला उपाय म्हणजे वाटून घेणे. कोळणीकडून मासळीची अख्खी पाटी घेऊन तीन-चार घरांनी वाटे करणे, मिरचीचे पोते दोन जावांनी मिळून आणणे, आगोटच्या खर्चासाठी वर्षभर भिशी लावणे. याच तत्त्वाला शिस्तीचे रूप मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून दिले. शेजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल ठोक खरेदीतून एका सदस्याच्या घरी उतरायचा आणि सदस्यांनी स्वतः तो मोजून वाटून घ्यायचा. दुकान नाही, नोकर नाहीत, त्यामुळे मधला खर्च वाचतो आणि मालाचा कसही सगळ्यांच्या नजरेखालून जातो. संघ चालवायला लागतो तो ठरलेल्या दिवशी दोन-तीन तासांचा वेळ, एक मोकळी खोली आणि पैसे आगाऊ भरण्याची सवय. चाळीत खोली मिळाली नाही तर मंदिराचा ओटा किंवा सोसायटीचे कार्यालयही चालते. आगाऊ पैशांची अडचण असलेल्या घरांसाठी बचत गटाने ती रक्कम आठवड्याच्या हप्त्याने गोळा केली, तर डाळ-तेलाची खरेदी त्यांनाही ठोक दरात करता येते.