आजीची भेंडी आणि १८९८ सालचा भुंगेरा

एका कबुलीने सुरुवात करतो. गेल्या पावसाळ्यात मी एका दुपारात आजीच्या परसबागेतले चांगले पाचपन्नास मित्र मारले. मला ते शत्रू वाटले, एवढाच माझा बचाव.

झालं असं. नाशिकला आमच्या घरामागे आजीची भेंडी, वांगी आणि कुंपणाला जास्वंद आहे. भेंडी-जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता. (फ्लॅटवाल्यांसाठी: फांदीला कापसाचे बारीक बोळे चिकटल्यासारखे दिसतात ना, तोच. मिलीबग.) काकांची निफाडला द्राक्षबाग आहे. त्यांनी बागेत सोडायला आणलेले थोडे भुंगेरे डबीतून आजीला आणून दिले. "आई, हे सोड आणि काही फवारू नकोस," इतकंच सांगून गेले.

तीन आठवड्यांनी मी पुण्याहून आलो. बघतो तर पिठ्या चांगला अर्धा इंच लांब झालेला! म्हटलं, भुंगेरे फेल. दुकानातून औषध आणलं आणि मारलं. प्रॉडक्शन सर्व्हरवर न वाचता कमांड चालवावी, तसं. दुसऱ्या दिवशी काका आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे शहाण्या, ती भुंगेऱ्याची पिल्लं होती!"

या भुंगेऱ्याचं नाव क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी. मोठा झाला की जेमतेम चार मिलिमीटर, काळपट अंग आणि तांबूस डोकं. पण त्याच्या अळीच्या अंगावर पिठ्यासारखेच पांढरे मेणाचे धागे असतात. ती पिठ्यात राहते, पिठ्या खाते आणि पिठ्यासारखीच दिसते. मग शरमेपोटी मी वाचायला बसलो, तर कळलं की माझ्यासारखी घाई करणारे आधीही होऊन गेलेत.

त्यासाठी आधी कॅलिफोर्नियात जावं लागेल. १८८०च्या दशकात तिथल्या संत्रा-लिंबाच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने संपत आल्या होत्या. अमेरिकेच्या कृषी खात्यातले सी. व्ही. रायली यांचं म्हणणं सरळ होतं: कीड जिथली, तिचा शत्रूही तिथेच असणार. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्यांनी व्हेडालिया नावाचे ढालकिडे पाठवले. पहिल्या तीन खेपांत मिळून फक्त १२९! साधारण वर्षभरात बागा सावरल्या. १८९१-९२ मध्ये त्याच कोबेलेंनी आपला क्रिप्टोलिमस तिथे नेला, पिठ्यासाठी.

भारतात तो १८९८ मध्ये आला. न्यूपोर्ट नावाच्या गृहस्थांनी तो ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला, कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. तिथे त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे प्रोजेक्ट फेल. पण भुंगेरा मेला नाही, आपल्या आवडीचा पिठ्या खात दक्षिणेत टिकून राहिला. पुढे १९८०च्या दशकात कर्नाटकातल्या शास्त्रज्ञांनी द्राक्षावरच्या पिठ्यावर त्याचा अभ्यास केला, आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी त्याला योग्य काम मिळालं.

द्राक्षात त्याची गरज का? पिठ्या सुटलेल्या सालीखाली आणि घडाच्या आत लपतो, वर अंगावर मेणाचं आवरण. औषध तिथवर पोचतच नाही. त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी वाढली की घडाला भाव नाही. काढणीजवळ जास्त फवारावं तर मालात औषधाचे अंश राहतात, आणि युरोपला जाणारा माल प्रयोगशाळेत तपासला जातो. हे भुंगेरे वाढवतात कशावर, माहितीये? लाल भोपळ्यावर! भोपळ्यावर आधी पिठ्या वाढवायचा, मग त्यावर भुंगेरे सोडायचे.

आता माझ्या चुकीचा मोठा भाऊ. १९४०च्या दशकात डीडीटी आलं आणि कॅलिफोर्नियाच्या बागांत ते जोरात फवारलं गेलं. व्हेडालिया मेले. पन्नासेक वर्षं दबून असलेली ती खवले कीड पुन्हा उसळली. फवारणी बदलली, ढालकिडे परत आले, तेव्हा कुठे ती आटोक्यात आली. न्यूपोर्टच्या भुंगेऱ्याला चुकीचं काम दिलं गेलं, व्हेडालियाला यश मिळूनही मारलं गेलं, आणि आजीच्या बागेत मी तीन आठवडेसुद्धा थांबलो नाही. बिचाऱ्या किड्याचा यात काय दोष?

भुंगेरा म्हणजे जादू नाही. पिठ्या संपला की तो दुसरीकडे जातो, कडक थंडी त्याला सोसत नाही, आणि चिकट्याच्या लोभाने मुंग्या पिठ्याची राखण करत त्याला हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त करायचा.

यंदा काकांनी पुन्हा डबी दिली, पण माझ्या हातात नाही, आजीच्या. ती रोज सकाळी चष्मा लावून पानं उलटून बघते. तिने मला फरक शिकवला: पिठ्या गपगार बसतो, बोट लावलं तरी जेमतेम हलतो. अळीचे धागे लांब असतात आणि ती चुरुचुरु चालायला लागते. तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर काही पांढरं दिसलं, तर औषधाच्या बाटलीआधी बोट लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.